पिठानं विझवलेली आग

लग्न होऊन मी मानवतला आले तेव्हा माझा नवरा एका बेसन मिलमध्ये मशीनवर होता. मिल गावाबाहेर, रस्त्याला लागून. तिचं नाव सांगत नाही. आता तिथं मिलही नाही, नुसते खांब उभे आहेत आणि खांबांमधून येड्या बाभळी वाढल्यात. धाकटी मुलगी शाळेत जायला लागली तसं मीही तिथं पॅकिंगला जाऊ लागले. बारावी झालेली होते, त्यामुळं शेटजींनी काट्यावर बसवलं. वजन बघायचं, पाकिटाचं तोंड मशीनवर चिकटवायचं, खोक्यात रचायचं.

काम मला आवडायचं, हे आज सांगताना कसंसंच होतं. पण आवडायचं. हरभऱ्याची डाळ दळली की तिचं बेसन इतकं हलकं होतं की ते खाली बसतच नाही. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत यायचं आणि उन्हाचा तो पट्टा पिवळाधमक दिसायचा, जणू हवेत कुणी हळद उधळलीय. आमच्या भुवया पिवळ्या, पापण्या पिवळ्या, पदर पिवळा. बाया म्हणायच्या, जगात नवरीला एकदा हळद लागते, आपल्याला रोजच. घरी गेले की पोरी मला बिलगायच्या आणि म्हणायच्या, आईला लाडवाचा वास येतो.

मिलमध्ये झाडलोट करायला एक मावशी होत्या. मूळच्या झरीच्या. माझं माहेरही झरीच. एवढ्यावरून पहिल्याच दिवशी त्यांनी नातं जोडलं. मी त्यांची पोरगी, त्या माझी मावशी, आणि माझा नवरा त्यांचा जावई. त्यांना एकच मुलगी होती, नवरा कधीचाच वारला होता. चहा आला की आधी जावयाला. शेटजी समोर उभे असले तरी आधी जावयाला. माझा नवरा लाजायचा. म्हणायचा, "मावशी, शेटजीला द्या की आधी." त्या म्हणायच्या, "शेटजी काय माझा जावई हाय का?" शेटजीही हसायचे.

शेटजी माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलले. आमच्यापैकी कुणाच्या घरी लग्न असलं की ते आधीच येऊन बसायचे. पोरांची नावं त्यांना पाठ होती. त्यांना जे माहीत नव्हतं ते आम्हालाही माहीत नव्हतं, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

एका हिवाळ्यात मिलमध्ये वेल्डिंगचं काम चाललं होतं. शेडचा एक खांब हलत होता, त्याला पट्टी मारायची होती. खाली कोपऱ्यात रिकाम्या बारदानाचा ढीग होता. ठिणग्या पडल्या, आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत ढिगानं पेट घेतला. नळ पार गेटाजवळ. लोक बादल्या शोधत धावले. माझा नवरा धावला नाही. शेजारी भरलेली पोती रचलेली होती, त्यातलं एक त्यानं ओढलं, तोंड फाडलं आणि सगळंच्या सगळं बेसन एकदम त्या आगीवर ओतलं. आग दबली. कडेनं धूर निघाला, त्यावर त्यानं दुसरं पोतं ओतलं. मिलभर भाजलेल्या बेसनाचा खमंग वास सुटला. मावशी म्हणाल्या, "आता पाक तेवढा आना कुनी." भीती गेली आणि सगळे हसायला लागले.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मिलच्या अंगणात झेंडा झाल्यावर शेटजींनी माझ्या नवऱ्याला पुढं बोलावलं. शाल दिली, श्रीफळ दिलं. म्हणाले, "माझी मिल ह्यानं वाचवली. पाण्यानं वाचली असती, पन माल आन् मोटर दोन्ही गेलं असतं. डोकं लागतं ह्याला." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जास्त. झरीला गेले तेव्हा आईला, भावाला, शेजारच्या बायांना सांगितलं. मावशींनी तर माझ्याआधीच गावभर केलं होतं की आमच्या जावयानं पिठानं आग इझवली.

तेव्हापासून मिलमध्ये तो नियमच होऊन गेला. कुठं ठिणगी दिसली, बेल्ट घासून धुरकटला, की टाक पीठ. भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्यातली वाळू कुणी कुठल्या कामाला नेली, कुणी कुठल्या. एका बादलीत मावशींनी तुळस लावली. नव्या कामगाराला माझा नवरा स्वतः दाखवायचा, घमेलं कुठं ठेवायचं, पीठ कुठून घ्यायचं. दोन-तीनदा तसं विझवलंही त्यांनी. दर वेळी विझलं. म्हणून तर कुणाला शंका आली नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर मागणी फार वाढली. दिवाळीचा फराळ म्हणजे बेसन. लाडू, शेव, चकली, सगळीकडं तेच. मिल सकाळी सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत थांबायची नाही. धूळ ओढून घेणारं एक मशीन होतं, त्याला कापडाच्या लांब लांब पिशव्या असायच्या. त्या पिशव्या फाटल्या होत्या. नव्या यायच्या होत्या, आल्या नव्हत्या. त्यामुळं ते मशीन बंदच होतं. "दिवाळी होऊ द्या, मग बघू," असं ठरलं होतं. धूळ काय, आमच्या सवयीची. वरच्या लोखंडी अँगलवर, पत्र्याच्या खालच्या आडव्या पट्ट्यांवर ती रजईसारखी बसलेली असायची. खालची फरशी मावशी दिवसातून दोनदा झाडायच्या. वर कोण चढणार?

त्या दिवशी त्याच चढल्या. लक्ष्मीपूजनाच्या आधी वरचा मजला स्वच्छ करून घ्या, असं शेटजींनी सकाळी म्हटलं होतं. वरचा मजला म्हणजे लोखंडी माळा. चाळण्या तिथं होत्या. खालचं दळलेलं पीठ एलिव्हेटरमधून वर जायचं. हा एलिव्हेटर म्हणजे पत्र्याची उभी, बंद पेटी. आत पट्टा फिरतो, पट्ट्याला लहान लहान बादल्या लावलेल्या. खालून भरून घेतात आणि वर जाऊन चाळणीत ओततात.

दुपारचं जेवण झालं होतं. मी पॅकिंगच्या खोलीत काट्याजवळ होते. दार उघडं होतं, तिथून मला एलिव्हेटरचं खालचं तोंड दिसायचं. माझा नवरा हात पुसत आला आणि थांबला. नाक वर करून त्यानं वास घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जळाल्याचा वास यायलाय."

मलाही आला. रबराचा आणि बेसनाचा, दोन्ही मिळून. त्यानं मशीन बंद करायला सांगितलं. घरघर थांबली. एकदम इतकं शांत झालं की वरून मावशींच्या झाडूचा आवाज ऐकू यायला लागला. एलिव्हेटरच्या खाली एक झाकण असतं, त्याचे नट त्यानं सोडले. खालची बेअरिंग तापून लाल झाली होती आणि भोवतीचं साचलेलं पीठ आतल्या आत धुमसत होतं. ज्वाला नव्हती. निखारे होते, चुलीत सकाळी राहतात तसे.

त्याच्या जोडीला एक कामगार होता. तो म्हणाला, "पानी आनू का?"

"पान्यानं लगदा हुईल, पट्टा जाईल," माझा नवरा म्हणाला. "पीठ आन."

त्यानं घमेलं भरून आणलं. माझ्या नवऱ्यानं ते घेतलं. तोंड लहान होतं, वरून ओतता येत नव्हतं. म्हणून त्यानं घमेलं मागं नेलं आणि जोरानं आत फेकलं.

पुढचं मी मनात इतक्या वेळा पाहिलंय की खरं किती आणि मी नंतर जोडलेलं किती हे मलाच सांगता येत नाही. पीठ आत गेलं आणि त्याचा ढग उलटा बाहेर आला. मग तो ढगच पेटला. आग ढगाला लागली असं नाही, सगळा ढग एकाच वेळी आग झाला. भप् असा आवाज झाला, मोठा नाही, गॅसची शेगडी उशिरा पेटली की होतो तसा. माझा नवरा मागं फेकला गेला. पेटीच्या पत्र्यात खालून वर काहीतरी धडधडत गेलं. सगळी शेड हादरली, आणि वरच्या अँगलवरची वर्षानुवर्षांची धूळ सुटली. ती खाली येताना मी पाहिली. पडदा सोडावा तशी आली, सावकाश.

वरून मावशींचा आवाज आला. "काय झालं, जावई?"

त्यानंतर दुसरा स्फोट झाला.

शुद्धीवर आले तेव्हा मी खोक्यांच्या ढिगावर पडले होते आणि कानात नुसती शिट्टी वाजत होती. वर बघितलं तर आभाळ दिसत होतं. पत्रे उडाले होते. त्यातले काही पलीकडच्या कापसाच्या रानात सापडले. मला फारसं काही लागलं नव्हतं. पॅकिंगच्या खोलीची भिंत मध्ये होती, तिनं मला वाचवलं. जोडीचा कामगार घमेलं देऊन बाहेर गेला होता, तोही वाचला. मी बाहेर आले. माझा नवरा दोन्ही हात पुढं धरून उभा होता, जणू कुणी त्याच्या हातात काही ठेवणार आहे. हात पांढरे दिसत होते. मला आधी वाटलं पीठ आहे. मग कळलं ते पीठ नाही.

तो माळ्याच्या शिडीकडं निघाला होता. शिडी तापलेली, वरचा माळा अर्धा खाली लोंबतोय, आणि हा त्या हातांनी शिडी धरू बघतोय. तिघांनी मिळून त्याला ओढून मागं आणलं. मावशींना दुसऱ्यांनी उतरवलं. त्या बोलत होत्या. त्या बोलत होत्या म्हणून आम्हाला सगळ्यांना धीर आला. इतकं भाजलेलं माणूस सुरुवातीला नीट बोलतं, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

शेटजींनी माल न्यायचा टेम्पो काढला. त्यात गोणपाटं अंथरली. मावशी आडव्या, माझा नवरा फळीला टेकून बसलेला, मध्ये मी. परभणीचा रस्ता तेव्हा खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला त्याचं तोंड वाकडं व्हायचं, पण आवाज काढायचा नाही. मावशी मात्र बोलत होत्या. झरीच्या विहिरीचं काहीतरी, मुलीला कॉलेजातून कोण आणील, असलं. एकदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कामून रडायलीस? जावयाला पानी पाज आधी."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात त्याला ठेवून घेतलं. मावशींना नांदेडला हलवायचं म्हणाले. त्यांची मुलगी तोवर आली होती, ती ॲम्ब्युलन्समध्ये बसली. दार लावताना मी मावशींना म्हटलं, "मी येते उद्या." त्या म्हणाल्या, "ये."

दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्याला ताप चढला. त्याच्यानंतरच्या दिवशी हातांची जखम धुताना तो बेशुद्ध पडला. घरी दोन पोरी शेजारणीकडं. मला नांदेड काही गाठता आलं नाही. दिवाळीच्या तोंडावर मावशी गेल्या. निरोप आला तेव्हा बाहेर रस्त्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली होती, आणि माझा नवरा त्या आवाजानं पलंगावर दचकून बसला होता. त्याला मी ते त्या दिवशी सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावरून त्यानं ओळखलं. त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळला नाही.

चौकशीला एक साहेब आले. कारखान्यांच्या तपासणीचे. चष्मा लावलेले, हळू बोलणारे. मिलच्या अंगणात त्यांनी आम्हाला एकेकाला बोलावून विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी विचारलं, "साहेब, पीठ कसं पेटंल? पीठ तर इझवतं. आमी डोळ्यानं बघितलंय."

त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. एक रिकामा डालड्याचा डबा मागवला, त्याला खाली भोक पाडलं, भोकातून रबरी नळी घातली आणि नळीच्या आतल्या तोंडाशी चमचाभर बेसन ठेवलं. डब्यात मेणबत्ती लावली. आधी त्यांनी मूठभर बेसन वेगळ्या मेणबत्तीवर ठेवून दाखवलं. ती विझली. "हे तुम्ही पाहिलंय," ते म्हणाले. मग डब्याचं झाकण लावलं, लांब उभे राहिले आणि नळीतून फुंकर मारली. झाकण आमच्या डोक्याइतकं उंच उडालं आणि डब्यातून जाळाचा भपका निघाला. चमचाभर पीठ होतं.

ते म्हणाले, "लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो. त्याचाच भुसा झटकन पेटतो. आणि तोच भुसा हवेत उडाला तर प्रत्येक कणाला चारही बाजूंनी हवा मिळते, सगळे कण एकदमच पेटतात. बंद जागेत असलं की फुटतं. बेसन असो, साखर असो, हळद असो, मका असो, सगळ्यांचं तेच. ढीग आगीला दाबतो. उडालेलं पीठ मात्र फटाक्याच्या दारूसारखं असतं."

मग काय करायचं, काय टाळायचं तेही त्यांनी एकेक करून सांगितलं. शेटजी खुर्चीवर बसले होते, ते तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. शाल त्यांनीच दिली होती.

मी साहेबांना बाजूला गाठून विचारलं, "म्हणजे माझ्या मालकानं पीठ फेकलं म्हणून झालं?"

ते म्हणाले, "बाई, पहिली ठिणगी तिथं पडली. पण एवढी धूळ वर साठलेली, ओढणारं मशीन बंद, बेअरिंग तापलेली. आज नाही तर उद्या, ह्यांनी नाही तर आणखी कशानं तरी झालंच असतं. पहिल्या वेळीच झालं असतं. पोतं जवळून ओतलं, उधळलं नाही, म्हणून तेव्हा वाचलात." पुढं म्हणाले, "त्यांना हे सगळं सांगा. पहिलं वाक्यच तेवढं सांगू नका."

मी सगळंच सांगितलं. माझा नवरा विचारल्याशिवाय राहिला नसता, आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं असं मला वाटलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ओसरीत बसवून सांगितलं. धूळ, मशीन, बेअरिंग, डबा, झाकण. तो मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे माझ्याच हातानं."

"तसं न्हाई म्हनले साहेब."

"तू सांगितलंस ते ऐकलं मी," तो म्हणाला. "माझ्याच हातानं."

त्यापुढं तो त्याबद्दल बोलला नाही. वर्षं गेली. हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती, गुंडी लावता येत नव्हती. मिल बंदच पडली होती. मी एका शाळेत पोषण आहार शिजवायला लागले. तो एका ओळखीच्या माणसाच्या मोसंबीच्या बागेत राखणीला जायला लागला. मोकळी जागा, झाडं, पाणी. तिथं त्याला बरं वाटायचं. घरात मी पीठ चाळायला घेतलं की तो उठून अंगणात जायचा. मी मग तो नसताना चाळून ठेवायला लागले. पिठलं आमच्या घरात होईनासं झालं. पोरींनी एकदा विचारलं, मी म्हटलं बापाला पचत नाही.

मला सगळ्यात वाईट वाटायचं ते मावशींच्या मुलीचं. ती मला ताई म्हणायची, त्याला दाजी. आईच्या माघारी ती मामाकडं राहिली, पुढं तिचं लग्न झालं आणि ती गंगाखेडला गेली. लग्नाचं बोलावणं आलं. माझा नवरा आला नाही. ती माहेरपणाला आली की आमच्याकडं यायची, चहा घ्यायची, दाजी कुठंयत विचारायची. मी म्हणायचे, बागेत. खरं तर तो मागच्या दारी बसलेला असायचा. तिलाही ते कळत असावं, कारण पुढं पुढं तिचं येणं कमी झालं. मला वाटायचं, तिच्या मनात राग आहे. तिनं मनात ठेवलं तर तिला दोष कसा देणार?

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. मी भाकरी करत होते म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "ताई, ह्यांना नवीन कारखान्यात लागली नोकरी. मसाल्याचा हाय. हळद, मिरची, धने, सगळं दळत्यात. ह्यांना सुपरवायझर केलंय."

माझा नवरा दारात होता. त्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून धुतलेला शर्ट अंगात घातला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मी गुंड्या लावल्या. "बागेत जायला हा शर्ट कामून?" मी विचारलं.

"गंगाखेडला जायाचंय," तो म्हणाला. "तू बी चल."

एसटीत तो खिडकीशी बसला, पुलावरून गोदावरी ओलांडली तरी त्यानं मान वळवली नाही. रविवार होता, तिचा नवरा घरीच होता. आम्हाला दारात बघून ती गोंधळली. खुर्च्या मांडल्या, पाणी आणलं. माझ्या नवऱ्यानं पाणी घेतलं नाही. तिच्या नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या कारखान्यात वर अँगलवर धूळ असती का?"

"असती की, दाजी. दळायचं म्हनल्यावर धूळ असनारच."

"बोटानं नाव लिहिता येईल इतकी?"

तो हसला. "दहा जनांची लिहिता येतील."

"धूळ वडायचं मशीन हाय?"

"हाय. लय भारी हाय."

"चालू हाय?"

"सध्या बंद हाय. दुरुस्तीला मानूस यायचाय."

मग माझा नवरा बोलायला लागला. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. साहेबांनी सांगितलेलं, मी त्याला सांगितलेलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. धूळ वरची काढायची, पण वाऱ्यानं उडवायची नाही. वेल्डिंग करायचं तर आधी दळण बंद आणि जागा साफ. बेअरिंगवर हात ठेवून बघायचा, तापली की थांबायचं. आतल्या आत धुमसत असलं तर झाकण उघडायचं नाही, माणसं बाहेर काढायची. आणि पीठ फेकायचं नाही. हे तो तीनदा म्हणाला. मग तो त्या मुलीकडं वळला. हात पुढं केले आणि म्हणाला, "तुझ्या आईला मी मारलं. ह्या हातानं घमेलं फेकलं. तुला तोंड दाखवायची हिंमत झाली न्हाई मनून आलो न्हाई आजवर."

ती उभी होती ती खाली बसली. मग म्हणाली, "मला मालूम हाय, दाजी. आईनं सांगितलं होतं नांदेडला. तिला वरून दिसलं होतं. मनली, जावई इझवाया धावला. त्याला ह्यातलं कदी इचारू नको, त्याचा जीव लहान हाय. मनून मी इचारलं न्हाई. तुमी समोर यायचे न्हाईत, मला वाटायचं मी आले की तुमाला त्रास होतो. मनून येनं सोडलं."

आम्ही दोघी रडलो. तो रडला नाही. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि बोटांकडं बघत बसला. मला तेव्हा राहून राहून वाटत होतं, किती वर्षं गेली. त्या पोरीला आई नव्हती, आणि आमचं घर होतं तेही तिला आम्ही धड दिलं नाही. आमच्या पोरींच्या वाढदिवसाला ती आली असती, तिचं पहिलं बाळंतपण मी केलं असतं. आता तिचा मुलगा शाळेत जातो. त्यानं आम्हाला नमस्कार केला तो पाहुण्यांना करतात तसा.

जेवून निघताना माझा नवरा तिच्या नवऱ्याला म्हणाला, "तुमच्या मालकाला मला भेटू द्या."

"बघतो," तो म्हणाला. चांगला पोरगा आहे, पण नोकरी नवी होती.

मालक काही भेटले नाहीत. पुढच्या आठवड्यात माझा नवरा परत गेला, गेटावरच्या माणसानं आत सोडलं नाही. मग तो समोरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागला. पाळी सुटली की कामगार तिथं यायचे. हात बघून कुणीतरी विचारायचंच, काय झालं बाबा. मग तो सांगायचा. काही ऐकायचे, काही चहा संपेपर्यंत ऐकायचे. एकजण म्हणाला, पोटाला काय द्यायचं मग? घरी येऊन माझा नवरा मला म्हणाला, "खरं हाय त्याचं." तरी पुढच्या वेळी गेला.

पावसाळ्यात मावशींच्या मुलीनं नवऱ्याला ती नोकरी सोडायला लावली. आता तो एका दुकानाची गाडी चालवतो. पगार कमी आहे, ती कुरकुरत नाही. पंचमीला ती आमच्याकडं आली, मुक्कामाला राहिली. पण त्या कारखान्यात बाकीची माणसं आहेत, बाया आहेत. मी विचारलं तिला, ते मशीन दुरुस्त झालं का. ती म्हणाली, माहीत नाही, आता ह्यांचं तिकडं जाणं नाही. माझा नवरा शेजारीच बसला होता. सोमवारी गंगाखेडची पहिली गाडी किती वाजता असते, ते तो तिला विचारत होता.